पंखा कसा फिरून राहिला?

"जाचं कुठं हाय?"

चाचांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी अमरावतीहून अकोल्यापर्यंत एसटीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसून, वीस किलोचा गिटार अँप्लिफायर गुडघ्यांत आवळून आलो होतो. बडनेऱ्याला एका बाईनं त्यावर पिशवी ठेवली आणि मूर्तिजापूरला पिशवीवर पोरगं. एवढ्या यातना सोसून आलेल्या माणसाला निदान "काय झालं याला?" एवढं तरी विचारावं की नाही?

"कुठंच नाही जायचं," मी म्हणालो. "बिघडलाय तो."

"बिघळला हाय थे मलेबी दिसते. वाजवाचा कुठं हाय, थे सांग."

"चांदूर रेल्वेला. लग्न आहे शनिवारी."

"किती वाजता?"

"सात."

त्यांनी डोळे मिटले, दाढी खाजवली आणि मान हलवली. "मंग गाय नाई चालनार."

मी दचकून दाराकडे पाहिलं. कोणाची गाय? तिथं एक बंद पडलेली लूना उभी होती फक्त. माझी खात्रीच झाली, की ज्यानं मला हा पत्ता दिला त्यानं माझी मस्करी केली.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका बोळात, दोन माणसं शिरली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढं ते दुकान. पाटी नाही. सगळी जठारपेठ त्यांना चाचा म्हणायची, मीही तेच म्हणत आलो. धंदा रेडिओ दुरुस्तीचा. रेडिओ संपले तसा लाउडस्पीकरवाल्यांच्या जुन्या अँप्लिफायरांचा. आणि तेही संपत आले तेव्हा मी उगवलो, अख्ख्या वऱ्हाडातला बहुधा एकमेव वेडा, ज्याच्याकडे काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा परदेशी गिटार अँप होता. माझे वडील एका पाद्र्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पाद्री मायदेशी परत गेला आणि जाताना तो अँप वडिलांना देऊन गेला. वडिलांनी त्यावर दहा वर्षं फुलदाणी ठेवली. मी शाळेत गणित शिकवायचो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. फुलदाणी मी काढली.

आता गाय काय ते सांगतो. भिंतीतून येणारी वीज उलटसुलट धावते, अँपला मात्र सरळ एका दिशेनं जाणारी लागते. तिला असं वळण लावणारा जो व्हॉल्व्ह, तो रेक्टिफायर. कुठलाही व्हॉल्व्ह चाचांच्या भाषेत 'वॉल'. एकाच खोबणीत बसतील असे तीन प्रकारचे वॉल त्यांच्याकडे होते. इंग्रजी आकडे त्यांना तोंडपाठ होते, पण आकड्यांनी हाक मारणं त्यांना माणुसकीला धरून वाटत नसे. म्हणून फाइव्ह-वाय-थ्री ही 'गरीब गाय'. थोडं खाते, थोडं देते, कुणाला इजा करत नाही. फाइव्ह-यू-फोर हा 'जावई'. "बसल्या बसल्या तीन अँपिअर खाते लेकाचा. तुया ट्रान्सफॉर्मरची ऐपत हाय का जावई पोसाची? नाई. मंग त्याच्याकळे पाहूबी नको." आणि जी-झेड-चौतीस हा 'पाटील'. पाटील सावकाश येतो, पण आला की आलेली सगळी वीज पुढं पोचवतो, मधे स्वतःसाठी काही ठेवत नाही. असा पाटील फक्त वॉलांतच सापडतो, हेही ते सांगायचे.

पाटील त्यांच्याकडे एकच होता. एक टॉकीज बंद पडली तेव्हा तिच्या साउंडच्या पेटीतून काढून आणलेला. तो नातवाच्या जुन्या लाल लोकरी मोज्यात राहायचा. गाय निळ्या मोज्यात. जावई नुसता वर्तमानपत्रात गुंडाळलेला असे.

आणि हे सगळं ठरायचं कशावरून? गावावरून! इथंच तर चाचांची खरी कारागिरी. त्या काळात आमच्याकडे लाइट होती म्हणणं आणि पाऊस होता म्हणणं सारखंच, कधी नव्हतीच, कधी भलतीच. संध्याकाळी शेतांवर मोटरी सुरू झाल्या की खेड्यातलं व्होल्टेज एकशे सत्तरवर यायचं. तिथं गाय लावली तर माझा गिटार ताप आल्यासारखा कण्हायचा. तिथं पाटील हवा. उलट नांदगाव पेठेकडे कारखान्यांच्या लाइनवर दोनशे पंचेचाळीस. तिथं पाटील लावला तर आतले आवाज वाढवणारे मोठे वॉल लाल होऊन मरणार आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर. "ट्रान्सफॉर्मर गेला का अँपची मयत. असा इथं भेटत नाई," ते बजावायचे.

मग ते फोन करायचे. काउंटरवर काळा फोन होता आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले गिरणीवाले त्यांच्या ओळखीचे. "डॉक्टराले गावाची तब्येत माहीत नसते, पन गिरनीवाल्याले असते," म्हणायचे. फोन लागला की सलाम-रामराम, पोराबाळांची चौकशी, आणि मग तो एकच प्रश्न:

"पंखा कसा फिरून राहिला?"

पलीकडून उत्तर आलं, "दिसूनच नाई राहिला बावा," म्हणजे पंखा भन्नाट, व्होल्टेज चढं. गाय. उत्तर आलं, "पाती मोजून घ्या," म्हणजे उतरलेलं. पाटील. चांदूर रेल्वेच्या गिरणीवाल्यानं त्या दिवशी पाती मोजून सांगितली, चाचांनी लाल मोजा उघडला, आणि शनिवारी माझा अँप असा वाजला की नवरदेवाच्या मामानं स्टेजवर चढून मला मिठी मारली. मी चाचांचा कायमचा भक्त झालो.

"चाचा, मीटर घेऊन जात जाऊ का मी सोबत?" मी एकदा विचारलं होतं.

"मीटर खोटं नाई बोलत, पन तिथं गेल्याशिवाय बोलतबी नाई. तिथं गेल्यावर समजून काय करशीन? वॉल तर माया हातानंच लागन." हा त्यांचा कायदा होता. वॉलाच्या बुडाला मधोमध एक खुंटी असते, ती खोबणीत नीट बसवावी लागते. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही वॉल लावू दिला नाही. मी हात पुढं केला की चापट बसायची. "खुंटी मोडशीन! पोट्टे शिकव तू, वॉल राहू दे."

त्यांच्या दुकानात छताला पंखा होता आणि तो बाराही महिने पूर्ण वेगात चालायचा. डिसेंबरच्या थंडीत कानटोपी घालून, मफलर गुंडाळून, चाचा त्या पंख्याखाली कुडकुडत बसलेले असायचे. तो वाऱ्यासाठी नव्हताच मुळी. बोलता बोलता वर पाहायचे आणि "दोनशे दहा" म्हणायचे. मी घरचं मीटर नेऊन एकदा तपासलं. दोनशे आठ! तर म्हणे, तुझं मीटर दाखव दुकानदाराला.

एक टी-शर्टवाला पोरगा आला होता एकदा माझ्यासमोर. इंजिनिअरिंगचा. म्हणाला, "चाचा, ह्या वॉलच्या जागी डायोड टाकून द्या ना. झंझटच नाही." चाचांनी त्याला आधी चहा पाजला. मग विचारलं, "तुया घरी पाव्हना येते तं कसा येते? दार धाडकन लोटून सिधा सैपाकघरात?" पोरगा म्हणाला, नाही. "अंगनात थांबते, खाकरते, पाय धुते, मंग येते ना? वॉल तसा येते. डायोड येते पोलिसावानी. आता सांग, तुले कोन पायजे?" पोरगा म्हणाला, डायोड. चाचांनी त्याला समोरच्या दुकानात पाठवून दिलं आणि दिवसभर चहाचा तो वाया गेलेला कप आठवत बसले.

माझी एक अडचण होती, ती म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शेठनं एक नवाकोरा कीबोर्ड घेतला होता आणि त्यात गिटारचा आवाजही होता. जनरेटरवर माझा अँप लावायला चाचांची मनाई, "थ्याचं व्होल्टेज माकडावानी उड्या मारते." त्यामुळे लाइट गेली की सगळा ऑर्केस्ट्रा वाजायचा आणि मी टाळ्या पिटत उभा राहायचो. शेठनं एक दिवस साफ सांगितलं. "मास्तर, आता एक डाव जरी तुमचं खोकं चालू गान्यात बंद पळलं ना, तुमी घरी. कीबोर्ड हाय मायाजवळ." मला पोटाची चिंता नव्हती, शाळा होती. पण स्टेजवरची ती खुर्ची म्हणजे माझा जीव होता, खोटं कशाला बोलू.

आणि अशातच चाचांच्या सासरवाडीचं लग्न आलं.

सासरवाडी वरुडकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. चाचींच्या भावाची संत्र्याची बाग होती. दर मोसमात तिथून अकोल्याला दोन पेट्या यायच्या, आणि मग चाचा गिऱ्हाइकाला संत्रं सोलून हातावर ठेवायचे. मागची दोन वर्षं चाचांचं तिकडं जाणं झालं नव्हतं. त्या दोन मोसमांत फळ जरा आंबट निघालं, तर चाचांनी ढगांना दोष दिला. साल्याला, म्हणजे या मेहुण्याला, ते कधीच दोष देत नसत. सासऱ्यापेक्षा साल्याचंच कौतुक फार. "अकरा विहिरी, अकरा मोटरी! पाच वाजता थ्री फेज आली का अकराच्या अकरा सुरू. गावातले बल्ब असे जळतात जशी उदबत्ती."

त्या साल्याच्या थोरल्या मुलीचं लग्न. चाचांनीच आमचा ऑर्केस्ट्रा ठरवून दिला. आदल्या दिवशी ते चाचींना घेऊन अमरावतीला माझ्याकडे उतरले आणि सकाळी शेरवानी घालूनच माझ्या अँपसमोर मांडी ठोकून बसले. गाय काढली, निळ्या मोज्यात घालून शेरवानीच्या खिशात टाकली. पाटील लावला.

"चाचा, एक फोन करून घ्या ना तिथल्या गिरणीवाल्याला," मी म्हणालो.

ते इतके दुखावले! "सासरवाळीत फोन करू? पंखा इचारू? अरे, तीस साल झाले मी त्या पंख्याखाली झोपून राहिलो. इज्जत हाय का नाई काई?"

मी अँप उचलून दाराशी नेऊन ठेवला. गणिताचा मास्तर असून पडताळा न घेता उत्तर लिहिलं, तो माझाही गुन्हाच.

दुपारी पोचलो. जावई आले म्हणून चाचांची अशी सरबराई, की त्या दिवशी तीन अँपिअर खाणारे ते स्वतःच. मी म्हटलं, अँप एकदा लावून पाहू. तर म्हणाले, "पाचच्या अदी लावून काय फायदा? मोटरी कुठं सुरू हायत?" मगरिबची, म्हणजे दिवेलागणीची, नमाज झाली, पाहुणे बसले, शेठनं माइकवर वधूवरांना शुभेच्छा दिल्या आणि मी स्विच दाबला. पाटील नेहमीप्रमाणे सावकाश आला.

आणि काय आवाज हो! माझ्या गिटारमधून असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. लखलखीत, धारदार, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत. बायकांकडून शिट्टी आली, शपथ. खुद्द शेठनं माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. मी डोळे मिटले आणि सुटलो.

डोळे उघडले ते समोर चाचा. पहिल्या रांगेतून हात वर करून पळत येत होते, शेरवानी पायांत, टोपी कुठंतरी. वायरीला अडखळले, सावरले आणि भर गाण्यात माझा प्लग खेचून मोकळे झाले.

गिटार मेला. ढोलक दोन मात्रा चुकला. शेठचा तो अंगठा हळूहळू खाली आला.

"अहो चाचा!" मी ओरडलो. मला इतका राग आला होता, की माणूस वयानं मोठा नसता तर... जाऊ द्या.

त्यांनी अँपची पाठ माझ्याकडे फिरवली. आतले दोन्ही मोठे वॉल चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल झाले होते. "आनखी एक मिन्ट आन मयत," ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते मांडवातल्या बल्बांकडे पाहत होते. पांढरे फटक जळत होते सगळे.

"मास्तर, तुये कान चांगले हायत," ते एकदम हळू आवाजात म्हणाले. "बागाकळून मोटरीचा आवाज येऊन राहिला का?"

मी कान दिला. कीबोर्डनं गाणं पुढं रेटलं होतं, पण बागेच्या बाजूनं काही म्हणजे काही येत नव्हतं. मी मान हलवली.

चाचा तिथंच, अँपच्या मागं, शेरवानीसकट मातीत बसले. तेवढ्यात साला धावत आला. गोरापान, हसरा माणूस, अंगाला अत्तराचा घमघमाट. "दुल्हेभाई, क्या हुआ?"

"कुएँ कब सूखे?"

त्याचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. "आपको किसने बोला?"

चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इसके गिटार ने."

मग तो खाली बसला आणि बोलला. दोन वर्षं झाली होती. अकराच्या अकरा विहिरी कोरड्या, झाडं उभी वाळली, आणि वाळली तशी तोडली. समोर बिर्याणीच्या देगीखाली जळत होती ती संत्र्याचीच लाकडं होती. आणि पेट्या? दोन्ही मोसम बाजारातून विकत घेऊन बहिणीकडे पाठवल्या होत्या. "आपा को मत बोलो, दुल्हेभाई. लड़की की शादी है. आज हँसने दो उसको."

माझा राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली, खरं सांगतो. मी माझ्या खुर्चीचा विचार करत होतो.

 पाटील थंड झाल्यावर चाचांनी तो काढला, रुमालानं पुसला, लाल मोज्यात घातला आणि साल्याच्या हातात दिला. "ये रख. पानी आयेगा, मोटरें चलेंगी, तब लगायेंगे. तब तक ये इधरच रहेगा." मग खिशातून गाय काढून खोबणीत बसवली, आणि सरळ शेठकडे गेले. "गलती माही हाय," म्हणाले. चाचांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"गलती कोनाचीबी असो," शेठ म्हणाले, "गानं मधात तुटलं."

तो कार्यक्रम मी गाईवर पूर्ण केला. दुसऱ्या दिवसापासून मी घरी.

चाचा मात्र बदलले. फोन तेच, गिरणीवाले तेच, प्रश्न तोच. पण आधी "दिसूनच नाई राहिला" असं उत्तर आलं की "वा! फस्कलास!" म्हणायचे. आता रिसीव्हर ठेवायचे आणि म्हणायचे, "याइच्याबी मोटरी गेल्या." त्या वर्षांत गावोगावचं व्होल्टेज सुधारत चाललं होतं आणि चाचांचा चेहरा उतरत चालला होता. गिऱ्हाईक गोंधळून जायचं, की लाइट चांगली आली तर या म्हाताऱ्याला दुःख कसलं?

चाचींना त्यांनी काही सांगितलं नाही. मलाही शपथ घातली. एकदा ते नमाजला गेले असताना चाची मला म्हणाल्या, "मास्तर, दो साल से पेटी पे बाज़ार का शिक्का था. मैं क्या अंधी हूँ? इनको मत बोलना. दिल से कच्चे हैं." मी दोन शपथा पोटात घेऊन अमरावतीला परतलो.

माझ्या खुर्चीचं म्हणाल तर ती वर्षभरात परत मिळाली. एका गावी जनरेटर बिघडला, शेठनं कीबोर्ड भिंतीतल्या लाइटवर लावला, आणि पंखा कसा फिरून राहिला हे कोणालाच विचारलं नव्हतं! कीबोर्डातून धूर निघाला. आठवड्यानं शेठ स्कूटरवर माझ्या दारात. "मास्तर, त्या म्हाताऱ्याचा फोन नंबर हाय का?" मी आधी त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं, मग दिला.

सहा वर्षांनी त्याच घरी धाकट्या मुलीचं लग्न निघालं. तोवर चाचांचे गुडघे गेले होते. चाचींना त्यांना टाकून निघवेना. "गाय लावली हाय. वाजव आन ये," म्हणून त्यांनी मला पाठवलं.

गावात शिरलो तेव्हा सहा वाजले होते. ओसरीवर बसलो, पाणी आलं. घाम पुसत सहज वर पंख्याकडे पाहिलं आणि पेला तसाच हातात राहिला. घरात साला कुठं दिसेना. मी बाहेर येऊन कान दिला. मग तो मागच्या दारानं आला, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, हातात लाल मोजा.

"चार चल रही हैं, मास्टरसाब," तो म्हणाला. "ग्यारह में से चार. नये झाड़ लगाये हैं." आणि तो असा रडायला लागला, की मलाच त्याला खाली बसवावं लागलं.

मी खिशातून मोबाइल काढला. जठारपेठेत काळा फोन वाजला.

"पंखा कसा फिरून राहिला?" सलाम नाही, रामराम नाही.

"चाचा, पाती मोजता येऊन राहिली."

पलीकडे खुर्ची करकरली. 

"मोजून सांग," ते म्हणाले. 

"एक. दोन. तीन."

रिसीव्हर कशावर तरी आपटला आणि लांबून ओरडणं ऐकू आलं, "सुनती क्या! तेरे भाई का पंखा रुक-रुक के चल रहा है!" मग चाचींचं काहीतरी, मग दोघांचं एकदम, आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज. मी थांबलो. माझेही डोळे भरले होते, त्यामुळे घाई नव्हती.

चाचा परत फोनवर आले.

"मास्तर. गाय काढ. पाटील लाव."

"मी?"

"मंग कोन, माये गुडघे येतीन का तिथं? तूच लाव." मग ते खेकसले, "आन हळू. खुंटी मोडशीन."